खुराड्याचे दार

राज्यकारभाराचे एवढे गहन प्रश्न समोर असताना अग्रलेखाच्या जागी कोंबडीने येऊन बसावे, याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु सत्तरी, सांगे, केपे, काणकोण अशा रानालगतच्या तालुक्यांत एखाद्या घरच्या परसातील आठ-दहा कोंबड्या एका रात्रीत नाहीशा झाल्या, तर त्या घरापुरता अर्थसंकल्पच कोसळतो. गावठी अंड्यांचे आणि गावठी कोंबड्याचे जे चार पैसे येतात, ते बहुधा गृहिणीच्या पदराच्या गाठीला राहतात. मुलाची वही, सासूचे औषध, अचानक आलेल्या पाहुण्याचे जेवण आणि राखणदाराला बोललेला नवस, हे सारे त्या गाठीतून निघते. हे उत्पन्न कोणत्याही सहकारी संस्थेच्या ताळेबंदात दिसत नाही. म्हणूनच त्याच्या नाशाची तक्रारही कोणी नोंदवून घेत नाही.

हा व्यवसाय जुन्या काळाबरोबर मावळत चालला आहे, असे मानणेही चुकीचे ठरेल. 2019 सालच्या विसाव्या पशुगणनेनुसार देशातील कुक्कुटसंख्या सुमारे 85 कोटी 18 लाख होती आणि त्यांपैकी 31 कोटी 70 लाख पक्षी परसातले होते. 2012 च्या गणनेशी ताडून पाहता परसातील पक्ष्यांची ही वाढ सुमारे 46 टक्के भरते. पोल्ट्रीच्या प्रचंड कारखान्यांच्या काळातही घरामागची कोंबडी टिकून आहे, नव्हे वाढली आहे. तेव्हा तिच्या रक्षणाचा विचार गांभीर्याने करणे प्राप्त आहे.

प्रथम चोर कोण, हे ओळखले पाहिजे. रात्री रानमांजर, जवादी मांजर, उदमांजर, कोल्हा आणि क्वचित बिबट्या येतो. दिवसा मुंगूस, घार, शिक्रा आणि कावळा टपलेले असतात. घूस जमीन पोखरून आत शिरते. धामण, नाग आणि घोरपड अंड्यांच्या वासावर येतात. अजगर तर कोंबडी गिळून फुगल्यावर आल्या फटीतून बाहेर पडू न शकल्याने आतच सापडतो. प्रत्येकाची खूण वेगळी असते. अंडी टरफलासकट नाहीशी झाली, तर सापाचा संशय घ्यावा. भर दिवसा अंगणातील पिलू मागमूस न ठेवता गेले, तर आकाशाकडे पाहावे. पाच-सहा कोंबड्या मारून न खाताच टाकून दिल्या असतील, तर ते काम बहुधा मोकाट कुत्र्यांचे असते. पुष्कळदा रानाच्या माथी मारलेला गुन्हा गावातलाच असतो, ही गोष्ट येथे लक्षात ठेवावी.

कोंबडीला अंधारात जवळजवळ दिसत नाही. दिवेलागणीला ती आपण होऊन उंच जागा शोधते आणि एकदा बसली की पहाटेपर्यंत हलत नाही. ही तिची सवय आपल्या सोयीची आहे, तशीच शिकाऱ्याच्याही. फणसाच्या फांदीवर बसलेल्या कोंबडीला निदान फडफडत निसटण्याची थोडी तरी संधी असते. पण कुडाच्या मोडक्या खुराड्यात रानमांजर शिरले, तर एकीलाही वाट राहत नाही. कोंडलेल्या जागेतील गोंधळाने शिकाऱ्याची मारण्याची प्रवृत्ती चेतते आणि भुकेला एक पुरेशी असताना तो दहा मारतो. कच्चे खुराडे हे शिकाऱ्यापुढे वाढून ठेवलेले ताट होय. खुराडे बांधायचे तर पक्के बांधावे, हा या साऱ्या विषयाचा गाभा आहे.

पक्के म्हणजे खर्चिक, असे मात्र नाही. आपल्याकडे चिरा मिळतो. चिऱ्याचा दीड-दोन फूट उंच चौथरा करून वर लाकडी चौकट उभारली, की घूस आणि पावसाचे पाणी दोन्ही दूर राहतात. जाळी निवडताना मात्र पुष्कळांची फसगत होते. षट्कोणी छिद्रांची पातळ जाळी कोंबडीला आत ठेवते. कुत्र्याला किंवा रानमांजराला ती बाहेर ठेवू शकत नाही. अर्ध्या इंचाच्या चौकोनी छिद्रांची, सांधे जोडलेली, जाड तारेची जाळी घ्यावी. खुराडे जमिनीलगत असेल, तर हीच जाळी भोवताली फूटभर पुरून बाहेरच्या अंगाला वळवावी. उकरणाऱ्या प्राण्याचे पंजे तिथे अडतात. बसण्याची दांडी जाळीला चिकटून नसावी, कारण फटीतून पंजा घालून पाय ओढण्याचे कसब मांजरकुळाला चांगले अवगत आहे. छपराखालच्या फटी बुजवाव्यात आणि दाराला दोरीऐवजी लोखंडी कडी असावी.

इतके करूनही ते दार दिवेलागणीच्या आत लावले नाही, तर सारा खर्च व्यर्थ. पूर्वीच्या आयाबाया तिन्हीसांजेला कोंबड्या डालून, मोजून, मगच देवापाशी दिवा लावीत. त्या शिस्तीत अनुभवाचे शहाणपण होते. 21 दिवस उबवून काढलेली पिले पहिले काही आठवडे आईसह डालग्याखाली किंवा जाळीच्या आडोशाला ठेवावीत. अंगणात झुडपांचा आसरा असावा, म्हणजे घारीची सावली दिसताच कोंबडीला पिलांसह दडता येते. लुकलुकणारे दिवे आणि बुजगावणी यांवर फार विसंबू नये. रानातले प्राणी चार दिवसांत त्यांना सरावतात.

नुकसान झाल्यावर माणसाला राग येतो, हे आम्ही जाणतो. त्या रागातून विष पेरणे, फास लावणे किंवा कुंपणात विजेचा प्रवाह सोडणे असले अघोरी उपाय सुचतात. विष मुंगूस आणि शेजाऱ्याचे कुत्रे असा भेद करीत नाही आणि विजेच्या तारेने माणसेही दगावली आहेत. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने या प्राण्यांना संरक्षण दिले आहे. बिबट्या, अजगर, घोरपड हे तर त्याच्या पहिल्या अनुसूचीत असून त्यांच्या हत्येस किमान 3 व कमाल 7 वर्षे कारावासाची तरतूद आहे. जानेवारी 2020 मध्ये म्हादई अभयारण्याच्या परिसरात, सत्तरीतील गोळावली येथे चार वाघ विषप्रयोगाने मेले. त्यामागे मारल्या गेलेल्या गुरांचा राग होता, असे तपासातून पुढे आले. गुरांवरून जे घडले, ते कोंबड्यांवरून घडणार नाही याची हमी कोण देईल? शिवाय हे चोर आपले उपकारकर्तेही आहेत. धामण आणि मुंगूस शेतातील उंदीर आवरतात. भेरली माडाच्या बिया रानभर पसरविण्याचे काम उदमांजर करते.

गावाचीही काही जबाबदारी आहे. चिकनच्या दुकानांतील आतडी आणि पिसे रात्री रस्त्याकडेला फेकली जातात, त्यावर मोकाट कुत्री पोसतात आणि कुत्र्यांच्या मागावर बिबट्या वस्तीत येतो. हे चक्र पंचायतीने तोडावयाचे आहे. कचऱ्याची विल्हेवाट आणि कुत्र्यांचे निर्बीजीकरण ही दोन कामे नेटाने झाली, तर निम्मे संकट खुराड्यापर्यंत पोचणारच नाही.

सरकारी यंत्रणेलाही एक सूचना करावीशी वाटते. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने ‘वनराजा’ ही परसासाठीची जात विकसित केली. तिचे लांब पाय शिकाऱ्यापासून पळून बचाव करण्यास उपयोगी पडतात, असे तज्ज्ञ सांगतात. शास्त्रज्ञ पक्ष्याच्या पायांचा एवढा विचार करीत असतील, तर योजना आखणाऱ्यांनी त्याच्या घराचा विचार करावा, ही अपेक्षा वाजवी आहे. पिले वाटताना चार हात चांगली जाळी आणि खुराड्याचा साधा नकाशा त्यांच्याबरोबरच द्यावा. योजनेचे यश वाटलेल्या पिलांच्या संख्येवरून ठरवू नये. सहा महिन्यांनी त्यांपैकी किती जिवंत आहेत आणि किती अंडी देतात, हे घरोघरी जाऊन मोजावे व तोच आकडा अहवालात लिहावा.

रान आणि वस्ती यांच्यामधली सीमा नकाशावर सरकार आखते, परंतु प्रत्यक्षात ती आपल्या परसातून जाते. मुंगसाने मुंगसाचा धर्म पाळावा आणि माणसाने माणसाचा. कोंबडी पाळण्याचे ठरविणाऱ्याने तिचे रात्रीचे घर बांधणे, हा त्या धर्माचा भाग आहे. येत्या पावसाळ्यापूर्वी प्रत्येक घराने आपल्या खुराड्याचे दार, कडी आणि जाळी एकदा तपासावी, एवढेच आमचे सांगणे आहे.