घर वाढवताना (भाग ४) : जुन्या भिंतीशेजारचा खड्डा

नकाशा झाला, परवानगी हातात आली. आता कुदळ मारायची. पण फक्की टाकून चारही बाजू एकदम खणायला घेऊ नका. आधी जुन्या भिंतीला लागून एकच खड्डा घ्या, माणूस उतरून बघू शकेल एवढा. जुना पाया किती खोल गेलाय, कशाचा आहे, कशावर टेकलाय, ते डोळ्यांनी पाहा. नकाशावर पाच फूट दाखवलेला पाया तीन फुटांवरच संपलेला निघाला, तर त्यात नवल काही नाही. दगड-मातीच्या घराचा तर बहुधा नकाशाच नसतो. पुढचं सगळं या खड्ड्यावर ठरतं.

जुनं घर वीस-तीस वर्षांत जेवढं बसायचं तेवढं बहुतेक बसलेलं असतं. नव्या खोलीचं बसणं मात्र तिच्यावर वजन चढू लागलं की सुरू होतं. ते काही मिलिमीटरच असेल, पण सांध्याला चिरायला तेवढं पुरतं. म्हणून जुन्या भिंतीत दाते काढून नवी वीट गुंफण्याचा, किंवा जुन्या बीमची सळई उघडी करून तिला नवी सळई जोडण्याचा मिस्त्री मंडळींचा आवडता मार्ग मला पटत नाही. दोन्ही बांधकामं पायापासून स्लॅबपर्यंत वेगळी ठेवावीत. मधे इंचभर फट, तीत दबणारा बोर्ड, तोंडाशी लवचीक सीलंट आणि छतावर पाणी न शिरेल अशी पत्र्याची झाकणी. मिस्त्री म्हणेल, ‘साहेब, गळेल.’ झाकणी आळसाने केली तर गळेलच. पण ही फट आपण ठरवलेल्या जागी असते. भेग पडू दिली, तर ती कुठून जाईल हे ती ठरवते.

आता खोली. जुन्या पायाच्या तळाखाली खणलं, की त्याच्या आधाराची माती मोकळी होते. शेजारशेजारच्या पायांसाठी भारतीय मानक क्रमांक १९०४ मध्ये यावर सोपा दंडक आहे. मातीत दोन पायांच्या तळकडा जोडणारी रेषा दोनास एक या उतारापेक्षा तीव्र नसावी. म्हणजे नवा पाया एक फूट जास्त खोल न्यायचा, तर तो निदान दोन फूट लांब हवा. मग जुन्या घराला लागून भिंत उभी कशी राहणार? कॉलम तीन-चार फूट आत घ्यायचा आणि प्लिंथ बीम भिंतीपर्यंत पुढे काढायचा. सळई वाढते, खर्च वाढतो, पण जुन्या पायाला हात लागत नाही. हे डिझाइन स्ट्रक्चरल इंजिनीअरकडूनच करून घ्या, अंदाजाने नको. भिंतीलगत खणावंच लागलं, तर चार-चार फुटांचे तुकडे एकाआड एक घ्या आणि एक भरल्याशिवाय दुसरा उघडू नका. पावसाळ्यात असा खड्डा रात्रभर उघडा ठेवणं म्हणजे जुनी भिंत पणाला लावणं.

कोकणात जांभा लवकर लागतो, तिथे हा व्याप बराच कमी. खरी परीक्षा काळ्या मातीत, अकोला-यवतमाळपासून परभणी-सोलापूरपर्यंत. बेसॉल्ट झिजून झालेल्या या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं. ते पाणी पिऊन फुगतं आणि वाळलं की आकसतं. एप्रिल-मे महिन्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्या याच्यामुळेच. ओल-कोरडीचा हा खेळ साडेतीन मीटरपर्यंत पोचू शकतो. मुरूम किंवा खडक सात-आठ फुटांत लागत असेल, तर फुटिंग सरळ त्यावर टेकवा. तो फार खाली असेल, तर अंडर-रीम्ड पाइल घ्या. रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने ही पद्धत विकसित केली. बुडाशी फुगवटा असलेला हा काँक्रीटचा खांब हलत्या थराच्या खाली घट्ट रुतून बसतो. फुगवट्याचा व्यास दांड्याच्या साधारण अडीचपट असतो. अशा ठिकाणी प्लिंथ बीम जमिनीवर टेकवत नाहीत. खाली तीनेक इंच मोकळं सोडतात, नाहीतर फुगलेली माती बीमच उचलते.

सगळ्यात जास्त चूक मात्र पायात होत नाही, जोत्यात होते. खणलेली काळी माती बाहेर न्यायला ट्रॅक्टरचे पैसे लागतात, म्हणून तीच जोत्यात लोटली जाते. पहिल्या-दुसऱ्या पावसाळ्यात फरशी मधोमध उचलली जाते आणि दोष टाइलवाल्यावर येतो. भर मुरुमाचीच हवी. सहा इंचांचा थर, त्यावर पाणी, त्यावर धुमस आणि मगच पुढचा थर. वाळवीचं औषधही याच टप्प्यावर. फरशी बसली की उशीर झाला.

आणखी एक. बहुतेक घरांत वाढीव खोली मागच्या अंगाला येते, आणि मोरीचं व संडासाचं पाणी तिकडूनच जातं. तो जुना पाइप खोलीखाली तसाच गाडू नका. चेंबर खोलीबाहेर सरकवा, नवी लाइन टाका आणि प्लिंथ बीममधून पाइप जाणार असेल, तर काँक्रीट ओतण्याआधी तिथे मोठ्या व्यासाचा स्लीव्ह बसवा. काळ्या मातीत एका गळक्या जोडानेही एका बाजूची जमीन बारमाही ओली राहते, आणि तेवढाच कोपरा वर येतो.

(पुढील आठवड्यात : जुन्या आणि नव्या जोत्याची पातळी कशी जुळवायची)