मणक्याचा अस्थिभंग : सुईच्या छिद्रातून उपचार, पण कोणावर?

अमरावती (प्रतिनिधी) : भरलेली बादली उचलताना किंवा एस.टी. खड्ड्यात आदळताच पाठीत कळ यावी आणि पुढे अंथरूण सुटू नये, ही तक्रार वऱ्हाडातील ६० वर्षे उलटलेल्या स्त्रियांमध्ये नवी नाही. ‘उसण भरली’ म्हणून तेल चोळले जाते, शेक दिला जातो. प्रत्यक्षात कित्येकदा ठिसूळ झालेला मणका चेपलेला असतो आणि साधा एक्स-रेही काढलेला नसतो.

अशा अस्थिभंगावर पाठ न चिरता उपचार करता येतो. व्हर्टिब्रोप्लास्टीत रुग्णाला पालथे झोपवून, बहुधा जागेपुरती भूल देऊन, क्ष-किरणांच्या पडद्यावर पाहत पोकळ सुई मणक्यात नेतात व बोन सिमेंट भरतात. काही मिनिटांत ते घट्ट होते. कायफोप्लास्टीत त्याआधी लहानसा फुगा फुगवून दबलेला मणका शक्य तितका उचलला जातो. रुग्ण बहुधा त्याच किंवा दुसऱ्या दिवशी चालू लागतो. ही पद्धत १९८४ मध्ये फ्रान्समधील आमियाँ येथे प्रथम वापरली गेली, तीही मानेच्या मणक्यातील रक्तवाहिन्यांच्या गाठीसाठी.

मात्र ‘बिनटाक्याचे ऑपरेशन’ या शब्दांना भुलू नये. २००९ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ने प्रसिद्ध केलेल्या दोन चाचण्यांत काही रुग्णांवर खरी, तर काहींवर लुटुपुटीची शस्त्रक्रिया झाली; वेदना दोन्ही गटांत जवळपास सारख्याच कमी झाल्या. २०१६ मध्ये ‘लॅन्सेट’मधील ऑस्ट्रेलियाच्या चाचणीत सहा आठवड्यांच्या आतील, तीव्र वेदनेच्या अस्थिभंगांत मात्र लाभ दिसला. म्हणजे प्रश्न तंत्रापेक्षा रुग्णाच्या निवडीचा आहे. अस्थिभंग ताजा की जुना, हे एमआरआयवर कळते. भरून आलेल्या मणक्यात सिमेंट घालण्यात अर्थ नाही. ताजे भंगही बहुतांशी औषधे व पट्ट्याने काही आठवड्यांत बरे होतात. सिमेंट झिरपून मज्जारज्जूवर दाब येण्याचा किंवा ते फुफ्फुसात जाण्याचा धोका विरळ, पण खरा आहे. क्षय व कर्करोगानेही मणका ढासळतो. त्यामुळे सुई आत असतानाच हाडाचा तुकडा तपासणीसाठी घेणार का, हे नातेवाइकांनी अवश्य विचारावे.

विहिरीत वा झाडावरून पडून झालेल्या अस्थिभंगाची गोष्ट वेगळी. तेथे नुसते सिमेंट पुरत नाही. लहान छेदांतून स्क्रू व सळ्या बसवता येतात. पायांतील शक्ती गेली असेल, तर अनेकदा उघडी शस्त्रक्रियाच करावी लागते. अशा जखमीला दुमडून रिक्षात घालण्याऐवजी सपाट फळीवरूनच न्यावे.

सल्ल्यासाठी नागपूर-मुंबईच गाठायला हवी असे नाही. अकोल्याचे शासकीय आणि अमरावतीचे डॉ. पंजाबराव देशमुख वैद्यकीय महाविद्यालय जवळ आहे. सिमेंटने मणका सावरला, तरी हाडांचा ठिसूळपणा तसाच राहतो. एकदा मणका मोडलेल्या व्यक्तीचा दुसरा मणका मोडण्याची शक्यता वाढते. म्हणून घरी परतण्यापूर्वीच हाडांच्या घनतेची तपासणी व त्यावरील औषधे डॉक्टरांकडून ठरवून घ्यावीत.