तांबे, धूर आणि शाळा

भाषेच्या अध्यापकाने स्मृतिव्याख्यानासाठी धातूचा विषय का निवडावा, असे कोणी विचारील. मला त्या वाटेवर एका शब्दाने नेले. 'मूस' हा शब्द संस्कृत 'मूषा'पासून आला. धातू वितळविण्याचे ते पात्र. मुशीतून शुद्ध धातू निघतो, हे आपण जाणतो. परंतु त्याच्यापासून वेगळे झालेले जाते कोठे? दक्षिण अमेरिकेतील चिली देशाला हा प्रश्न टाळता आला नाही.

जगातील खाणींतून निघणाऱ्या तांब्याचा जवळजवळ चौथा हिस्सा चिलीचा आहे. 11 जुलै 1971 रोजी तेथील संसदेने एकमताने मोठ्या खाणी राष्ट्राच्या मालकीच्या केल्या. तथापि खनिज म्हणजे तांबे नव्हे. खडकात तांब्याचे प्रमाण बहुधा शेकडा एकाहूनही कमी असते. तो दळून, पाण्यात फेस आणून, तरंगणारे कण वेगळे काढतात. या समृद्ध खनिजात तांबे शेकडा तीसच्या आसपास असते. पुढे सुमारे 1200 अंश सेल्सिअसच्या भट्टीत लोखंड धातुमळीत जाते आणि गंधक जळून वायुरूप होतो. शेवटी विजेच्या साहाय्याने 99.99 टक्के शुद्ध तांबे मिळते.

खरी अडचण गंधकाची आहे. चाल्कोपायराइट या प्रमुख खनिजात गंधकाचे वजन जवळजवळ तांब्याइतकेच असते. एक टन गंधक जळला की दोन टन सल्फर डायऑक्साइड तयार होतो. तो पकडला तर त्याचे गंधकाम्ल बनते आणि तेच अन्य प्रकारच्या खनिजांतून तांबे विरघळवून काढण्यास उपयोगी पडते. सुटला तर तो माणसांच्या छातीत जातो.

पॅसिफिकच्या किनाऱ्यावरील व्हेंटानास येथील भट्टी 1964 साली सुरू झाली. मार्च 2011 मध्ये जवळच्या ला ग्रेदा गावातील शाळेवर विषारी वायूचा लोट आला आणि तीसहून अधिक मुले व त्यांचे शिक्षक आजारी पडले. पुढे ती शाळाच दुसऱ्या जागी हलवावी लागली. धूर निर्माण करणारे जागेवर राहिले, विद्यार्थी मात्र स्थलांतरित झाले! 2013 च्या नियमांनी भट्ट्यांवर 95 टक्के गंधक व आर्सेनिक पकडण्याचे बंधन घातले. तरीही 2018 मध्ये त्याच औद्योगिक पट्ट्यात विषबाधेने शेकडो लोकांना उपचार घ्यावे लागले. जून 2022 मध्ये सरकारी कंपनीने भट्टी बंद करण्याचा निर्णय जाहीर केला, तेव्हा रोजगाराच्या चिंतेने कामगारांनी संप पुकारला. 31 मे 2023 रोजी भट्टी विझली.

येथे प्रश्न मिटला, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. चिलीचे पुष्कळसे समृद्ध खनिज न वितळविताच जहाजाने परदेशी जाते. आपल्या बडोद्यापासून फार दूर नसलेल्या दहेज येथेही परदेशांतून आलेले असे खनिज वितळविले जाते. एका ठिकाणची भट्टी विझली, तरी जगाची तांब्याची गरज विझत नाही. ती दुसऱ्या भट्टीकडे वळते. म्हणून भट्टी हवी की नको, एवढ्यावर न थांबता, तिचा धूर पुरता पकडला जातो की नाही, हे विचारले पाहिजे.

ज्या तारेतून या सभागृहातील दिवा लागला आहे, तिच्यातील तांबेही कोठल्या तरी भट्टीतून आले आहे. त्या भट्टीजवळही एखादी शाळा असेल, याचे विस्मरण होऊ नये, एवढेच या निमित्ताने नम्रपणे सांगावेसे वाटते.