कॅटेगरी सोड, झोन बघ!

ज्यांना एपिसोड ऐकायला जमलं नाही, त्यांच्यासाठी हा लिहिलेला भाग. आजचा विषय हरिकेन सीझन.

मी आणि माझी बायको फ्लोरिडात, सेंट पीटर्सबर्गला राहतो. दोघंही आयटीत. इथे १ जून ते ३० नोव्हेंबर हा वादळांचा सीझन, आणि खरा जोर सप्टेंबरात. म्हणजे आपले गणपती, नवरात्र सगळं एक डोळा समुद्राकडे ठेवून.

रोजचं म्हणाल तर साधंच असतं. गाडीची टाकी अर्ध्याखाली जाऊ द्यायची नाही. माणशी दिवसाला एक गॅलन, म्हणजे पावणेचार लिटर पाणी भरून ठेवायचं. पासपोर्ट आणि व्हिसाचे कागद झिपलॉकच्या पिशवीत. शेगडी विजेवरची, त्यामुळे लाइट गेले की चिवडा आणि खाकरे. आणि वादळ जवळ आलं की नॅशनल हरिकेन सेंटरचा नकाशा. तो दर सहा तासांनी येतो: पहाटे ५, सकाळी ११, संध्याकाळी ५, रात्री ११. ऑफिसच्या मीटिंगा चुकतात, तो चुकत नाही.

तर २०२४ चा सप्टेंबर. हेलीन नावाचं वादळ मेक्सिकोच्या आखातातून वर सरकत होतं. आमच्या झोन ए ला घर सोडायचे आदेश आले. बायको म्हणाली, "अरे, निघूया." मी मोबाइल पुढे केला. "अगं, आपण त्या पांढऱ्या कोनमध्ये तरी आहोत का? शंभर मैल लांबून जातंय ते." इंजिनिअर ना मी! राहिलो घरी.

२६ सप्टेंबरच्या रात्री वारा फार नव्हता. पाणी मात्र आलं. आधी रस्त्यावर, मग पार्किंगमध्ये, मग जिन्याच्या चौथ्या पायरीपर्यंत. आम्ही वरच्या मजल्यावर, म्हणून वाचलो. गाडी खाऱ्या पाण्यात गेली. रात्रभर आम्ही टॉर्च मारून पायऱ्या मोजत होतो. आमच्या काउंटीत त्या रात्री बुडून माणसं गेली. त्यानंतर मी कोनचा अर्थ नीट वाचला, आणि लाज वाटली.

बघा, तो कोन वादळाचा आकार दाखवत नाही. धोका कुठे आहे हेही दाखवत नाही. वादळाचं केंद्र कुठून जाऊ शकेल, त्याचा तो अंदाज. तोही असा, की साधारण तीनपैकी एकदा केंद्र कोनबाहेर जातं. आणि कॅटेगरी? ती फक्त वाऱ्याचा वेग सांगते. ताशी ११९ किलोमीटरला १, २५२ ला ५. पाण्याबद्दल त्यात अक्षरही नाही.

मग लांबच्या वादळाने पाणी कसं आणलं? आपल्या अर्ध्या पृथ्वीवर ही वादळं घड्याळाच्या उलट दिशेने फिरतात. त्यामुळे वादळ ज्या दिशेने चाललंय, त्याच्या उजव्या हाताला वारा समुद्राचं पाणी किनाऱ्यावर ढकलतो. हेलीन उत्तरेकडे चाललं होतं आणि आम्ही त्याच्या उजवीकडे. पाणी टँपाच्या खाडीत कोंबलं गेलं, सहा फुटांच्या वर चढलं.

तेरा दिवसांत मिल्टन आलं. आखातात ते कॅटेगरी ५ झालं होतं. या वेळी मी काही बोललो नाही. बॅगा भरल्या, भाड्याची गाडी घेतली आणि झोनबाहेर, आतल्या बाजूला मित्राच्या घरी गेलो. शेकडो मैल पळायची गरज नसते. पाण्याच्या टप्प्याबाहेर आणि भक्कम छपराखाली असलं की झालं.

आता गंमत ऐका. मिल्टन ९ ऑक्टोबरला आमच्या दक्षिणेला, सिएस्टा की इथे किनाऱ्याला लागलं. आम्ही त्याच्या डाव्या हाताला आलो. वाऱ्याने खाडीतलं पाणी उलट बाहेर ओढलं! केंद्र थोडं उत्तरेला लागलं असतं, तर तेच पाणी आत आलं असतं. शहरात पाऊस मात्र १८ इंचांच्या वर झाला, स्टेडियमचं छप्पर फाटलं. दसरा आम्ही मेणबत्तीत केला.

घरी परतल्यावर मी म्हटलं, "बघ, उगाच गेलो." बायको म्हणाली, "उगाच गेलो हे आज कळतंय. त्या दिवशी कुणाला माहीत होतं?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही.

फोनवर आईला उजव्या-डाव्याचं सांगितलं, तर तिला निसर्ग आठवलं. ३ जून २०२० ला ते अलिबागच्या दक्षिणेला लागलं. मुंबई डावीकडे राहिली, थोडक्यात सुटली. उजवीकडे श्रीवर्धन, दापोलीच्या बाजूला नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. आई म्हणाली, "टीव्हीवर मात्र मुंबईच दाखवत होते."

तेव्हा मंडळी, तुम्ही टँपात असा नाहीतर कोकणात, वादळाच्या बातमीत नुसता आकडा बघू नका. आपलं घर किती सखल आहे, पाणी कुठून येईल आणि जायचं कुणाकडे, हे तिन्ही आजच ठरवा. निघा म्हटल्यावर भांडायला वेळ नसतो. आणि घरातलं एक माणूस घाबरत असेल, तर त्याला नकाशा दाखवून गप्प करू नका.

भेटू पुढच्या भागात. पॉवर बँक चार्ज आहे ना?