कुर्ली आल्या वाटेने परत का जात नाही?

सुट्टीत देवगड-मालवण फिरून आलेल्या इंदूरच्या एका वाचकाचा हा प्रश्न आहे. खाडीतल्या पिंजऱ्याचं तोंड तर उघडंच असतं. मग आत शिरलेली कुर्ली, म्हणजे खेकडा, अडकते कशी?

खरं सांगायचं तर पुष्कळदा अडकतच नाही. अमेरिकेत न्यू हॅम्पशायर विद्यापीठाच्या संशोधकांनी कुर्लीच्याच जातकुळीतल्या शेवंडीच्या (लॉबस्टरच्या) पिंजऱ्यावर पाण्याखाली कॅमेरा लावला. २००१ साली निष्कर्ष छापून आले : आत शिरलेल्यांपैकी जेमतेम ६ टक्के शेवंडी हाती लागल्या. बाकीच्या आमिषावर ताव मारून निघून गेल्या!

रायगडचे कोळी फग वापरतात. लोखंडी कडीला जाळं, मधोमध माशाचं डोकं. ना झाकण, ना दार. चिंबोरी (कुर्लीचं तिकडचं नाव) खाण्यात गुंतली की झटकन वर ओढायचा. पण त्यासाठी माणूस जवळ हवा.

माणूस नसतानाही खेकडा धरून ठेवणारा पिंजरा व्हर्जिनियाच्या बेंजामिन लुईस यांनी बनवला. १९२८ साली पेटंट घेतलं आणि पुढची दहा वर्षं ते त्यात सुधारणा करत राहिले. त्यांचं नाव आज फारसं कुणी घेत नाही, याचं मला वाईट वाटतं, कारण खेकड्याचा स्वभाव त्यांनी अचूक हेरला होता. तारेच्या जाळीचा दुमजली खोका. खालच्या मजल्यावर आमिषाची डबी आणि आत निमुळती होत जाणारी आडवी तोंडं, कारण खेकडा तिरका चालत शिरतो. पोट भरलं, बाहेर पडावंसं वाटलं, की तिथला निळा खेकडा वल्ह्यासारख्या मागच्या पायांनी वर पोहतो आणि फटीतून वरच्या मजल्यावर जातो. तिथून खाली यायची वाट त्याला सहसा सापडत नाही. त्याची सुटकेची दिशाच लुईस यांनी बंद केली.

हेच यश पुढे महागात पडलं. दोर तुटून तळाशी राहिलेला पिंजरा पकडतच राहतो. आत मेलेला खेकडा पुढच्याचं आमिष होतो. व्हर्जिनियात २००८ ते २०१४ या काळात हिवाळ्यात काम नसलेल्या मच्छीमारांनी असे ३० हजारांहून अधिक पिंजरे बाहेर काढले. अलास्कात त्यावर नियम आहे : पिंजऱ्याच्या बाजूला मोठी चीर ठेवायची आणि ती सुती दोऱ्याने शिवायची. पिंजरा हरवला तर दोरा कुजतो, वाट मोकळी होते. सेन्सरवाल्या ‘स्मार्ट’ पिंजऱ्यांच्या बातम्यांपेक्षा मला हा दोरा मोलाचा वाटतो.

लहान जीव वाचावेत म्हणून महाराष्ट्राने २०२३ मध्ये ५४ सागरी प्रजातींसाठी पकडण्याचं किमान आकारमान ठरवलं. जाळ्यातला छोटा मासा मोजेपर्यंत मरतो. पिंजऱ्याच्या बाजूला गोल कडी बसवली, तर छोटी कुर्ली मात्र तिच्यातून जिवंत निसटू शकते. कोकणातल्या प्रत्येक पिंजऱ्याला ही कडी आणि सुती शिवण सक्तीची करावी.