दरवर्षी सिमेंट भरूनही काळ्या मातीवरच्या घराची भिंत पुन्हा का तडकते?

वाशी म्हटलं की बहुतेकांना नवी मुंबई आठवते. ही ती वाशी नाही. ही धाराशिव जिल्ह्यातली, बालाघाटच्या पठारावरची तालुक्याची वाशी. इथं किंवा मराठवाड्यातल्या कुठल्याही काळ्या मातीच्या गावात मे महिन्यात नव्या प्लॉटिंगमधून एक चक्कर मारा. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी वर गेलेली चीर कुठल्या ना कुठल्या घराला दिसतेच. त्याच घरात ऑगस्टमध्ये जा, चीर जवळजवळ मिटलेली असते.

मग दरवर्षीचा कार्यक्रम ठरलेला. गवंडी बोलवायचा, चिरेत सिमेंट भरायचं, वरून रंग मारायचा. पुढच्या उन्हाळ्यात चीर परत हजर.

दोष कुणाचा यावरही वाद ठरलेला. गवंडी म्हणतो सिमेंट हलकं होतं, दुकानदार म्हणतो गवंड्यानं पाणी मारलं नाही, शेजारी म्हणतो वास्तुदोष. पण खरा विषय भिंतीत नाहीच. तो भिंतीच्या खाली आहे.

काळी वेगळी, पांढरी वेगळी

आपल्याकडं गावाचे पूर्वीपासून दोन भाग मानले जातात. काळी म्हणजे पिकाची जमीन आणि पांढरी म्हणजे वस्तीची जागा. गावठाण पांढरीवर असायचं. पिढ्यान् पिढ्या वस्ती असलेली, राखेनं आणि पडलेल्या भिंतींच्या मातीनं पांढुरकी झालेली ही जमीन. हीच पांढरी माती माळवदावर टाकायला वापरली जायची, कारण ती पाण्यानं फारशी फुगत नाही.

गाव वाढलं तसं गावठाण अपुरं पडलं. रस्त्याकडेची शेतं एनए झाली, प्लॉट पडले. कालपर्यंत जिथं तूर आणि सोयाबीन होतं, तिथं आज घर आहे. म्हणजे घरं पांढरीवरून काळीवर आली, पण बांधायची पद्धत बऱ्याचदा तीच राहिली: दोन-तीन फूट खोदायचं, दगड भरायचे, भिंत उचलायची.

ही माती फुगते म्हणजे नेमकं काय होतं?

साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारस थंड होऊन दख्खनचा काळा खडक तयार झाला. तो झिजून बनलेली ही माती म्हणजे रेगूर. तिच्यात माँटमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं. पत्त्यांच्या कॅटसारखे त्याचे अतिशय पातळ थर असतात. पाणी या थरांच्या मध्ये शिरतं आणि थर एकमेकांपासून दूर सरकतात. माती फुगते. ऊन लागलं की पाणी निघून जातं आणि माती आक्रसते. उन्हाळ्यात रानात हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्या यामुळेच.

शेतासाठी हे वरदान आहे, कारण माती ओल धरून ठेवते. घरासाठी हाच ताप आहे.

त्यातही घराखालची सगळी माती एकसारखी हलत नाही. घराच्या मध्यभागी, फरशीखाली ओल टिकून असते. कडेची माती मात्र उन्हात वाळते. मग उन्हाळ्यात घराचे कोपरे खाली बसतात आणि पावसाळ्यात तेच वर उचलले जातात. घर सगळीकडून सारखं हललं असतं तर चीर पडली नसती. एक बाजू हलते, दुसरी थांबते, आणि भिंत मध्येच फाटते.

दुष्काळ आणि अतिवृष्टी पाठोपाठ आली की हा खेळ आणखी वाढतो. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं आणि त्याच वर्षी पावसाळ्याच्या शेवटी मराठवाड्यात धो-धो पाऊस झाला. जमीन खोलवर वाळणं आणि पाठोपाठ भिजणं, घराच्या पायाला यापेक्षा वाईट काही नाही.

यूट्यूबवरचे परदेशी व्हिडिओ चालतील का?

घरदुरुस्तीचे बरेच व्हिडिओ अमेरिका-कॅनडातले असतात. तिथं भिंती फुटायचं एक मोठं कारण बर्फ. पाणी गोठताना साधारण ९ टक्क्यांनी फुगतं. विटेत मुरलेलं पाणी गोठलं की विटेचे पापुद्रे निघतात. जमीन गोठली की ती खालचं पाणी वर ओढते आणि पाया उचलते. म्हणून तिथं पाया गोठणाऱ्या थराच्या खाली नेतात.

आपल्याकडं जमीन गोठत नाही, पण ओली-कोरडी होते. कारण वेगळं असलं तरी नियम एकच: पाया हलणाऱ्या थराच्या खाली न्या आणि पाणी भिंतीपासून दूर ठेवा. तेवढं त्या व्हिडिओंतून घ्या. तिथला सिलंट किंवा केमिकल आणून चीर बंद केली म्हणून खालची माती हलायची थांबत नाही.

आधी चीर ओळखा

सगळ्या चिरा सारख्या नसतात.

- केसासारखी बारीक, जाळीदार चीर बहुतेक वेळा फक्त गिलाव्याची असते. तिच्यासाठी झोप उडवायची गरज नाही.
- दार-खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी जाणारी किंवा विटांच्या सांध्यातून पायऱ्यांसारखी चढणारी चीर पायाच्या हालचालीची असण्याची शक्यता जास्त.
- चीर वर रुंद आणि खाली अरुंद असेल तर बहुधा घराचा कोपरा किंवा टोक खचलंय. खाली रुंद असेल तर मधला भाग बसलाय किंवा कडा उचलल्यात.
- दोन भिंती जिथं भेटतात तिथं उभी फट पडली असेल, तर भिंती एकमेकींपासून सुटतायत. ही गंभीर गोष्ट आहे.

आता मोजायचं. चिरेच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलनं खूण करा, अंतर लिहा, तारीख टाका. चिरेवर पीओपीचा छोटा ठिपका लावला तरी चालतं. ठिपका तडकला म्हणजे हालचाल चालू आहे. मे अखेर आणि सप्टेंबर अखेर असं दोनदा मोजा. चीर उघड-मीट करत असेल तर दोष ओलाव्याचा. ती दरवर्षी वाढतच जात असेल, किंवा ५ मिलिमीटरच्या पुढं गेली असेल, तर गवंड्याच्या आधी इंजिनिअरला दाखवा.

भिंतीच्या आधी पाण्याचा बंदोबस्त

दुरुस्तीचा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त टाळला जाणारा भाग हाच. घराभोवती एक चक्कर मारा आणि पाणी कुठं मुरतंय ते बघा.

- गच्चीचं पाणी पाइपातून थेट पायाशी पडतं का? पाइप वाढवून ते लांब काढा.
- मोरीचं पाणी भिंतीलगत साचतं का? शोषखड्डा भिंतीला चिकटून आहे का? शोषखड्डा पायापासून दहा फुटांच्या आत नकोच.
- जमिनीतला नळाचा पाइप गळतो का? एकाच कोपऱ्याला बारमाही चीर असेल तर आधी इथं शंका घ्या.
- भिंतीलगत मोठं झाड आहे का? झाड मातीतली ओल ओढतं आणि तो कोपरा बसतो. पण मोठं झाड एका दिवसात तोडूही नका. ओढली जाणारी ओल मातीत परत साठते आणि तोच कोपरा उचलला जातो. आधी छाटणी करा, सल्ला घ्या.

मग घराच्या चारही बाजूंनी किमान तीन-चार फूट रुंद कोबा किंवा फरशीचा पट्टा करा. त्याखाली काळी माती ठेवू नका. ती काढून मुरूम भरा आणि चोपा. उतार बाहेरच्या बाजूला, तीन फुटाला एक इंच तरी हवा. पट्टा आणि भिंत यांच्यातली फट डांबरानं भरा, सिमेंटनं जखडू नका. या पट्ट्यामुळं कडेची माती उन्हात कमी वाळते आणि पावसात कमी भिजते.

हे करून एक पावसाळा जाऊ द्या. बऱ्याच घरांची हालचाल इथंच कमी होते.

आता भिंतीकडे वळा, पण वेळ बघून

चीर सगळ्यात मोठी मे महिन्यात दिसते, म्हणून लोक ती मे महिन्यातच भरतात. तिथंच चुकतं. पूर्ण उघडलेल्या चिरेत कडक सिमेंट ठासलं, की पावसाळ्यात मिटायला जागा राहत नाही. भिंत मग शेजारी नवीन ठिकाणी फुटते. दिवाळीनंतरचा काळ बरा. माती ना पूर्ण भिजलेली, ना पूर्ण वाळलेली, आणि ऊनही कमी.

विटांची भिंत असेल तर सांधे इंचभर खोल कोरा, धूळ झाडा, पाणी मारा आणि मग भरा. मसाला विटेपेक्षा मऊ हवा. १ भाग सिमेंट, १ भाग चुना, ६ भाग वाळू असा मसाला थोडी हालचाल सहन करतो. निव्वळ सिमेंटचा घट्ट मसाला सहन करत नाही, तो वीटच फोडतो. चीर रुंद असेल तर काही थरांच्या अंतरावर आडवी खाच घेऊन, सळई टाकून भिंत शिवून घ्यावी लागते.

दगड-मातीची जुनी भिंत असेल तर तिला बाहेरून सिमेंटचा गिलावा मारू नका. मातीची भिंत जमिनीतली ओल ओढते आणि बाहेर सोडते. सिमेंटनं ती वाट बंद होते. ओल आत कोंडते, लोणा लागतो आणि काही वर्षांत गिलावा पत्र्यासारखा सुटून पडतो. तोवर आतली माती भुसभुशीत झालेली असते. अशा भिंतीला चुन्याचा किंवा मातीचाच मसाला लागतो.

पोट सुटलेली भिंत असेल तर वाट बघू नका

आतापर्यंतच्या चिरा खिशाचा प्रश्न होत्या. इथून पुढचा प्रश्न जिवाचा आहे.

३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. वाशीपासून शंभरेक किलोमीटरवर असलेल्या किल्लारीत ६.२ तीव्रतेचा भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात हजारो माणसं झोपेतच गेली. जगातल्या मोठ्या भूकंपांच्या मानानं ही तीव्रता मध्यमच. जीव घेतला तो घरांनी.

ती घरं होती दोन-अडीच फूट जाड दगडी भिंतींची. दिसायला भक्कम, पण आत दोन वेगवेगळे पदर आणि मध्ये दगड-मातीची भर. दोन्ही पदर बांधणारा आरपार दगड नाही. वर माळवद आणि त्यावर दीड-दोन फूट माती. हादरा बसला, पदर सुटले आणि मातीचं ओझं खाली आलं.

काळ्या मातीवरच्या अशा भिंतीचे पदर भूकंपाशिवायही सुटत जातात. दरवर्षीचं फुगणं-आक्रसणं, भरीत मुरणारं पाणी, आणि मग भिंतीला पोट येतं. बाहेरून फुगवटा दिसत असेल, भिंत ठोकल्यावर पोकळ आवाज येत असेल, तर त्या खोलीत झोपणं आधी बंद करा.

दुरुस्ती आहे, आणि किल्लारीनंतर मराठवाड्यात ती शिकवलीही गेली. भिंतीत आरपार भोक पाडून त्यात आकडे असलेली सळई आणि काँक्रीट भरायचं, म्हणजे दोन्ही पदर जोडले जातात. नव्या दगडी भिंतीसाठी भारतीय मानक सांगतं, उभ्या दिशेनं दर २ फुटांवर आणि आडव्या दिशेनं जास्तीत जास्त ४ फुटांवर आरपार दगड हवा. जुन्या भिंतीत भोक पाडताना घण मारायचा नाही, दगड हळूहळू हलवून काढायचे आणि एका वेळी एकच भोक. सोबत माळवदावरची जादा माती उतरवायची आणि लाकडी खांब-तुळयांना तिरके आधार द्यायचे. फुगवटा मोठा असेल तर तेवढा भाग उतरवून नव्यानं बांधणं हाच मार्ग. हे काम इंजिनिअरच्या देखरेखीशिवाय करू नये.

नवं घर बांधणार असाल तर

आधी माती तपासा. ढोबळ चाचणी घरीही होते. वाळवून बारीक चाळलेली माती सारख्या मापानं दोन उभ्या नळ्यांत घ्या, एकीत पाणी, दुसरीत रॉकेल टाका, ढवळून दिवसभर ठेवा. रॉकेलमध्ये माती फुगत नाही. तिथं ती १० मापं आणि पाण्यात १५ मापं भरली, तर फुगवटा ५० टक्के. एवढा आकडा दिसला तरी साधा पाया धोक्याचा.

काळी माती कमी खोल असेल तर ती पूर्ण काढून मुरमावर पाया घ्या. खोल असेल तर रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेनं विकसित केलेला अंडर-रीम्ड पाइल हा जुना, पारखलेला उपाय आहे. खाली कंदासारखा फुगीर बुंधा असलेला हा काँक्रीटचा खांब किमान साडेतीन मीटर खोल जातो, म्हणजे मातीच्या हलणाऱ्या थराच्या खाली. खर्च वाढतो, पण एकदाच.

आणि आधीच बांधलेल्या घरात राहत असाल, तर या मे महिन्यात गवंड्याला फोन लावायच्या आधी चिरेशेजारी पट्टी धरून एक फोटो काढा. सप्टेंबरमध्ये तसाच दुसरा काढा. हे दोन फोटो सोबत असले की गवंडी असो वा इंजिनिअर, बोलणं सिमेंटच्या ब्रँडवर न राहता पायाखालच्या पाण्यावर येतं.