वाकड्या करंटपुढे सीटी किती खरं सांगते?

मागच्या व्याख्यानात आपण करंट ट्रान्सफॉर्मर, म्हणजे आपली नेहमीची सीटी, आतून कशी असते ते पाहिलं. आज प्रश्न तिच्या खरेपणाचा. पॅनलमध्ये 200/5 ची सीटी असली की मीटरच्या आकड्याला 40 ने गुणून युनिट काढतात. मग सीटी चुकली तर पैसे कुणाच्या खिशातून जातात?

नेमप्लेटवर ‘क्लास 0.5’ असतं. म्हणजे रेटेड करंटला चूक अर्ध्या टक्क्याच्या आत. 5 टक्के करंटला मात्र दीड टक्क्यापर्यंत चालते. पण ही हमी 50 हर्ट्झच्या स्वच्छ साइन वेव्हची आहे. आपल्या पॅनलमधून वाहतो तो ड्राइव्ह, एलईडी, यूपीएस यांनी ओढलेला खाचाखोचांचा करंट.

हार्मोनिक आले की सीटी बिघडलीच, असं बरेच जण धरून चालतात. थांबा जरा. चूक येते कुठून? कोअर चुंबकित करायला जो थोडा करंट लागतो, तो सेकंडरीत पोहोचतच नाही. हा करंट फ्लक्सवर ठरतो, आणि तेवढंच व्होल्टेज निर्माण करायला वारंवारता जास्त असेल तर कमी फ्लक्स पुरतो. समजा पाचवा हार्मोनिक, म्हणजे 250 हर्ट्झ, मूळ करंटच्या 20 टक्के आहे. बर्डन निव्वळ रोधाचं धरलं तर त्याचा फ्लक्स मूळ फ्लक्सच्या फक्त 4 टक्के! म्हणून चांगली रिंग सीटी हे हार्मोनिक बऱ्यापैकी नीट पोहोचवते. (फार वरच्या वारंवारतेला वेटोळ्यांमधली कपॅसिटन्स आडवी येते, ते आज सोडून देऊ.)

खरा त्रास एका बाजूला झुकलेल्या करंटचा. काही हेअर ड्रायरमध्ये ‘लो’ बटणावर नुसता एक डायोड असतो, अर्धीच वेव्ह जाते. तिची सरासरी शिखराच्या सुमारे 32 टक्के. हा डीसी भाग सेकंडरीत जाऊच शकत नाही, उलट कोअरला एकीकडे रेटतो. कोअर सॅच्युरेट होऊ लागला की सेकंडरीचा करंट घटतो आणि त्याची फेजही पुढे सरकते.

फेजकडे सहसा कुणी बघत नाही, पण पॉवर फॅक्टर 0.5 लॅगिंग असताना अर्ध्या अंशाचा फरक पॉवरच्या मोजणीत दीड टक्का चूक घालतो, तीही ग्राहकाच्या विरुद्ध. करंट घटल्याची चूक वीज कंपनीच्या विरुद्ध. दोन्ही एकमेकींना खोडतील अशी आशा नको.

गंमत बघा, साइन वेव्हवर उत्तम ठरणारा उच्च पर्मिएबिलिटीचा कोअर थोड्या डीसीनेही लवकर सॅच्युरेट होतो. म्हणून मीटरच्या आत बसणाऱ्या डीसी सहन करणाऱ्या सीटीत मुद्दाम कमी पर्मिएबिलिटीचा कोअर घेतात. त्याची फेजची चूक मोठी असते पण स्थिर, आणि मीटर कॅलिब्रेशनमध्ये ती वजा करतो. आम्हाला ही तडजोड पटते. तेव्हा सीटीच्या आकड्यांबद्दल शंका आली तर आधी लोडमध्ये डीसी आहे का ते मोजा, आणि त्यासाठी हॉल सेन्सरचा क्लॅम्प मीटर घ्या. साधा क्लॅम्प स्वतःच एक सीटी असतो, त्याला डीसी दिसणारच नाही.